लाकूड गिरणी घेण्याआधी डीपी बघा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल. गावात छोटी लाकूड गिरणी, म्हणजे आपण जिला सॉ-मिल म्हणतो ती, टाकायची असेल तर जुनी यंत्रे कशी निवडावीत आणि त्यांच्यासाठी वीज किती आणि कुठून घ्यावी, हा तो विषय. मोटारी, बँडसॉ आणि जनरेटर यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. कोकणातल्या अनेक गिरण्या उभ्या राहताना मी पाहिल्या आणि काही बंद पडतानाही पाहिल्या. बंद पडलेल्यांपैकी लाकूड नव्हते किंवा गिऱ्हाईक नव्हते म्हणून बंद पडलेल्या थोड्या. बहुतेक ठिकाणी यंत्र आणि वीज यांची सोयरीकच जुळली नव्हती.

आपल्याकडे परड्यात, बांधावर लाकूड असते. वाऱ्याने पडलेला आंबा, वाकलेला फणस, जुनी शिवण, लावलेला साग, अलीकडे आकेशिया. हे ओंडके टेम्पोत घालून तालुक्याला न्यायचे, कापून परत आणायचे, यात सुताराचा दिवस जातो आणि भाड्याचे पैसेही. साहजिकच एखाद्या होतकरू तरुणाला वाटते, आपणच गिरणी का टाकू नये? नवे यंत्र परवडत नाही. कुठेतरी जुनी गिरणी मोडीत निघालेली असते, मालक म्हणतो, उचला एकरकमी. मोह होतो. इथेच थांबून चार गोष्टी तपासायला हव्यात आणि त्याही ठरावीक क्रमाने.

पहिली गोष्ट यंत्राची नाही, कागदाची. ओंडके कापणाऱ्या गिरणीला वन खात्याचा परवाना लागतो. गोदावर्मन खटल्यात १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर हा विषय फार कडक झाला. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि परवान्याचा विचार राज्यस्तरीय समितीकडे आला. आपल्या दृष्टीने अर्थ एवढाच, की यंत्र विकत घेतले म्हणजे परवाना विकत मिळाला असे होत नाही. विकणारा म्हणेल, "परवान्यासकट देतो." त्यावर विसंबू नका. परवान्यावरचे नाव, जागा आणि यंत्राची नोंद पाहा आणि वन विभागाच्या कार्यालयात जाऊन नाव व जागा बदलता येईल का ते लेखी विचारा. झाड तोडण्यासाठी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची परवानगी आणि लाकूड हलवण्यासाठी वाहतूक पास, हे आणखी वेगळे. हे सगळे मार्गी लागेपर्यंत यंत्राचा विसारसुद्धा देऊ नये.

दुसरी गोष्ट, आपण कापणार काय? मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र, असा एक समज आहे. उभ्या बँडसॉचे माप त्याच्या चाकाच्या व्यासावरून सांगतात. ३६ इंची, ४२ इंची, ४८ इंची. ३६ इंचीला साधारण १० ते १५ अश्वशक्तीची मोटार पुरते, ४२ इंचीला १५ ते २०, आणि ४८ इंचीला २५ ते ३० लागते. तुमच्याकडे येणारे ओंडके फूट-दीड फूट जाडीचे असतील आणि वर्षाकाठी चार-सहाच मोठे फणस येणार असतील, तर त्या चार-सहांसाठी वर्षभर मोठी मोटार पोसण्यात अर्थ नाही. मोठे ओंडके सरळ तालुक्याला पाठवा.

काही जण गोल करवतीची गिरणी स्वस्त पडते म्हणून घेतात. आडव्या फळ्या फाडायला, कडा काढायला ती चांगली. पण ओंडका कापायला ती लाकूड खाते. हिशेब करून बघा. ३०० मिलिमीटर जाडीचा चौकोनी ठोकळा आहे आणि त्याच्या २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या आहेत. बँडसॉचे पाते दर कापाला अडीच मिलिमीटर भुसा करते असे धरले, तर दहा कापांत अकरा फळ्या बरोबर बसतात. गोल करवत दर कापाला सहा मिलिमीटर खात असेल, तर नऊच फळ्या निघतात. दहावी चार मिलिमीटरने हुकते. म्हणजे अकरातल्या दोन फळ्या भुशात गेल्या. लाकूड सागाचे असेल तर हा भुसा फार महाग पडतो.

तिसरी गोष्ट जुन्या यंत्राची तपासणी. शक्यतो यंत्र उभे असतानाच पाहावे, सुटे करून गोणपाटात गुंडाळलेले घेऊ नये. जाताना एक लोखंडी पट्टी, छोटा हातोडा, दोरा आणि आपला एक ओंडका घेऊन जा.

आधी पाते उतरवायला सांगा. चाक हाताने फिरवून सोडा. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल तर चाकाचा तोल गेलेला आहे. हातोड्याने चाकावर आणि आऱ्यांवर हलके टोले मारा. धड ओतीव लोखंड घंटेसारखे वाजते. तडा असेल तर आवाज बद्द येतो. चाकाला कुठे वेल्डिंगचा जोड दिसला तर सौदा तिथेच सोडा. ओतीव लोखंडाचा जोड भरवशाचा नसतो आणि फिरत्या चाकाचा तुकडा माणूस बघून उडत नाही. मग लोखंडी पट्टी चाकाच्या कडेवर आडवी धरा. जिथे पाते बसते तिथे खोल झिजून गेलेले असेल तर पाते जागेवर राहत नाही, पुढेमागे सरकते. चाक खरादावर घासून घेता येते, पण तो खर्च आणि वाहतूक किमतीत धरायची.

वरचे चाक वरखाली करणारा स्क्रू आणि पात्याला ताण देणारे वजन मोकळेपणाने चालते का पाहा. चाक धरून पुढेमागे हलवा. खडखडले तर बेअरिंग किंवा दांडा गेलेला आहे. बेअरिंगवरचा क्रमांक उतरवून घ्या आणि तो बाजारात मिळतो का ते विचारा. ट्रॉलीच्या रुळांना दोरा लावून बघा. रूळ वाकडा असेल तर फळी वाकडीच निघणार, मग पाते कितीही धारदार असो.

पात्याचाही एक ठोकताळा आहे. पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून फार जास्त नसावी. ४२ इंची चाक म्हणजे १०६७ मिलिमीटर, म्हणून पाते सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे १९ गेजचे. जाड पाते जास्त टिकेल म्हणून लहान चाकावर चढवले तर ते दर फेऱ्यात जास्त वाकते आणि दातांच्या बुडाशी तडकते. जुन्या गिरणीबरोबर धार लावायचे यंत्र आणि पाते जोडायची साधने मिळत असतील तर त्यांचे पैसे आनंदाने द्या. धार लावणारा माणूस तीस किलोमीटरवर असेल, तर तुमची गिरणी निम्मा वेळ त्याची वाट बघत उभी राहील.

शेवटी पाते चढवून आपला ओंडका कापायला लावा. निघालेल्या फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर कारण विचारा. पात्याची धार किंवा ताण हे कारण असेल तर तो स्वस्तातला दोष. चाके एका रेषेत नसणे किंवा रूळ झिजणे हा महागातला.

यंत्राच्या वेगाशी खेळू नये. ४२ इंची चाक मिनिटाला ६०० फेरे फिरले तर पात्याचा वेग सेकंदाला साधारण ३३ मीटर होतो, ताशी १२० किलोमीटर. काम जास्त निघावे म्हणून कुणी मोठी पुली बसवून हा वेग वाढवतो. पण वेग दीडपट झाला की चाकाला फाडू पाहणारा जोर सव्वादोनपट होतो. पन्नास वर्षांच्या जुन्या चाकावर हा प्रयोग नको.

मोटार वेगळी तपासा. यंत्राबरोबर मिळालेली मोटार किती वेळा गुंडाळलेली आहे ते विचारा. मेगर लावून गुंडाळीची तपासणी करा. एक मेगओहमपेक्षा कमी वाचन आले तर मोटार ओली आहे किंवा गेलेली आहे. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजा. तो जवळजवळ सारखा हवा. वाईट गुंडाळलेली मोटार चालते, पण वीज खाते. समजा दांड्यावर १२ किलोवॅटचे काम आहे आणि मोटार वर्षाला १५०० तास चालते. कार्यक्षमता ९१ टक्क्यांऐवजी ८५ टक्के असेल तर वर्षाला सुमारे १४०० युनिट जास्त लागतात. आपल्या दराने गुणून पाहा. जुने यंत्र आणि नवी मोटार ही जोडी म्हणूनच बहुधा फायद्याची ठरते.

आता चौथी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डीपी.

कणकवली भागातल्या एका गावची हकिगत सांगतो. दोघे भाऊ सुतारकाम करणारे. हुशार, कष्टाळू. आईच्या पाटल्या गहाण ठेवून आणि पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी ४८ इंची जुना बँडसॉ आणला, ३० अश्वशक्तीच्या मोटारीसकट. यंत्र खरोखर चांगले होते. पण शेड बांधली घराच्या मागे, कारण जागा तिथे होती. डीपी जवळजवळ चारशे मीटरवर आणि त्याच लाइनवर शेतीचे पंप. पहिल्या वर्षात मोटार तीनदा जळली. विकणारा म्हणे वीज वाईट, गुंडाळणारा म्हणे मोटार वाईट. मला बोलावले तेव्हा धाकटा म्हणाला, "काका, मोटार जळली म्हणजे मोटारच वाईट ना?" मी मीटर लावला. मोटार बंद असताना ३९५ व्होल्ट होते. लाकूड पात्याला लागले की ३४० वर येत होते.

याचा अर्थ समजावून सांगतो. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ४१५ चे ३५० झाले की व्होल्टेज सहाव्या हिश्शाने उतरते, पण मोटारीची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरते. लाकूड तेवढेच कठीण राहते. मग मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि तिची गुंडाळी शिजते. सुरू होताना तर आणखी हाल. मोटार थेट सुरू केली तर पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. म्हणून आपण स्टार-डेल्टा स्टार्टर लावतो. त्याने सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांश होतो, पण सुरुवातीचा जोरही एक-तृतीयांशच राहतो. बँडसॉची जड चाके वेग घ्यायला वेळ लावतात. त्यात व्होल्टेज कमी असले तर चाक अर्ध्या वेगावरच रेंगाळते, टायमर मध्येच डेल्टावर टाकतो आणि झटका बसतो. त्या मोटारीचा आणि गुंडाळणाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

दोघा भावांनी शेवटी कठीण निर्णय घेतला. ४८ इंची यंत्र घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकले. रस्त्याकडेची जागा भाड्याने घेतली, डीपीपासून तीस-चाळीस मीटरवर, आणि ३६ इंची यंत्र १५ अश्वशक्तीच्या नव्या मोटारीवर बसवले. मोठे ओंडके ते आता घेत नाहीत. पण आंब्याच्या हंगामात पेट्यांच्या फळ्या आणि एरवी दारे-खिडक्यांचे लाकूड यात यंत्र क्वचितच रिकामे असते. दोन हंगामांनी पाटल्या घरी आल्या.

म्हणून माझे सांगणे असे, की आधी डीपी बघा, मग जागा ठरवा आणि मग यंत्र. भार काढायचा हिशेब सोपा आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट आणि तीन फेजवर अश्वशक्तीला पूर्ण भाराला साधारण १.४ अँपिअर. २० अश्वशक्तीची मोटार म्हणजे १५ किलोवॅट आणि सुमारे २७ ते २८ अँपिअर. हाच प्रवाह १६ चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम केबलमधून ३०० मीटर नेला तर नुसत्या केबलमध्ये २५ व्होल्टच्या आसपास खर्ची पडतात. केबल जाड घ्या किंवा अंतर कमी करा. दोन्हीला पैसे लागतात, पण अंतर एकदाच कमी करावे लागते.

जागा ठरवण्याआधी तिथले व्होल्टेज तीन वेळा मोजा. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पंप चालू असताना. शक्य तर मार्च-एप्रिलमध्ये मोजा, कारण आंब्याचे काम तेव्हाच असते आणि लाइनवरचा ताणही.

महावितरणच्या दरपत्रकात लघुदाब औद्योगिक ग्राहकांचे २० किलोवॅटपर्यंतचे आणि त्यावरचे असे दोन गट आहेत आणि त्यांची स्थिर आकारणी वेगळ्या पद्धतीने होते. अर्ज करण्याआधी चालू दरपत्रक मागून वाचा. १५ अश्वशक्तीचा बँडसॉ, ३ अश्वशक्तीची छोटी करवत आणि १ अश्वशक्तीचे धारयंत्र मिळून १९ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे १४ किलोवॅट होतात. दिवे-पंखे धरूनही तुम्ही पहिल्या गटात राहता. ३० अश्वशक्तीचे यंत्र घेतले की ती मोटारच २२ किलोवॅटची झाली. हंगाम नसताना गिरणी बंद असली तरी स्थिर आकार चालूच राहतो, हेही ध्यानात ठेवा.

कुणी सुचवेल, शेतीपंपाची जोडणी आहेच, तिच्यावर चालवू. असे अजिबात करू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याखेरीज दुसऱ्या कामाला वापरणे हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय शेतीची वीज पाळीने येते. गिऱ्हाईक रात्री ओंडका घेऊन येत नाही.

जनरेटरचे काय? वीज गेल्यावर हातातले काम पुरे करायला तो ठीक, रोजच्या कापणीला नाही. १५ किलोवॅटची मोटार स्टार-डेल्टाने सुरू करायची तर ३५ ते ४० केव्हीएचा संच धरावा लागतो, कारण सुरुवातीचा झटका त्याला सोसायचा असतो. चांगल्या भारावर एक लिटर डिझेलमध्ये तीन ते साडेतीन युनिट वीज मिळते. आपल्या पंपावरचा डिझेलचा दर तीनने भागा. युनिटचा भाव समोर येईल. जुना जनरेटर घेताना थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवलेले इंजिन सगळेच गोड चालते. छपरावर सोलर टाकून वीजबिल कमी करता येते, पण लाइनला जोडलेली साधी सोलर यंत्रणा वीज गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद होते. बॅटरीशिवाय ती जनरेटरची जागा घेत नाही.

यंत्र कितीही स्वस्तात मिळो, काही वस्तू नव्याच घ्याव्यात. स्टार्टर, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. गावाकडे एक फेज जाणे नित्याचे आहे आणि दोन फेजवर धडपडणारी मोटार काही मिनिटांत जळते. मोटारीच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग द्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. चाकांवर आणि पात्याच्या मोकळ्या बाजूवर जाळी किंवा पत्रा असलाच पाहिजे. जुन्या गिरण्यांत हे पत्रे बहुधा कोपऱ्यात पडलेले सापडतात, कारण पाते बदलताना ते काढतात आणि परत लावायचा कंटाळा करतात. वीज बंद केल्यावरही चाके काही मिनिटे फिरत राहतात. ती पूर्ण थांबेपर्यंत भुसा काढायला हात घालायचा नाही, हा नियम मालकाने स्वतः पाळला तरच कामगार पाळतो. या धंद्यात बोटे गमावलेली माणसे मला भेटली आहेत. बहुतेकांचा अपघात कापताना झालेला नव्हता, साफसफाई करताना झालेला होता.

एक शेवटचा ठोकताळा. जुन्या यंत्राची जी किंमत ठरेल, साधारण तेवढीच रक्कम आणखी हाताशी ठेवा. वाहतूक, पाया, केबल, स्टार्टर, नवी पाती, वीजजोडणीची अनामत, शेडची डागडुजी यांत ती जाते. सगळा पैसा यंत्रात घातला की केबल बारीक घेतली जाते, पाया कच्चा राहतो, पत्रे लावायचे राहून जातात, आणि मग चांगले यंत्रही वाईट ठरते.

तेव्हा आधी कागद, मग लाकडाचा अंदाज, मग डीपी, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. विकणारा घाई करेल, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे म्हणेल. त्याला खुशाल जाऊ द्या. जुनी यंत्रे पुन्हा विकायला निघतात. घरातल्या पाटल्या मात्र एकदाच गहाण टाकता येतात.